ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम एलपीवर: टूलरूममधल्या माणसाचं मत

हेवी मेटल नेमकं कुठून सुरू झालं यावर मेटल ऐकणाऱ्यांची भांडणं चालूच राहणार. कोणी १९६८ च्या ब्लू चीअरचं नाव पुढे करतं, कोणी लेड झेपलिनचं, कोणी डीप पर्पलचं. माझं मत मी आधीच सांगून टाकतो. १३ फेब्रुवारी १९७०, वार शुक्रवार. त्या दिवशी इंग्लंडमध्ये ब्लॅक सॅबथ या बँडचा ‘ब्लॅक सॅबथ’ याच नावाचा पहिला अल्बम बाहेर आला. त्यातलं पहिलं गाणं, त्याचंही नाव ‘ब्लॅक सॅबथ’. हेवी मेटल तिथून सुरू झालं. आधीच्यांनी ब्लूज आणि रॉक जोरात वाजवलं होतं, आणि चांगलंच वाजवलं होतं. पण हे गाणं लागलं की पोटात जो गोळा येतो, तो त्यांच्यापैकी कोणाच्या गाण्याने येत नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे. डाय-पंच, म्हणजे प्रेसवर पत्रा कापायचे-वाकवायचे साचे, बनवायचे, झिजलेले दुरुस्त करायचे, नवीन टूल प्रेसवर चढवून ट्रायल काढायची, हे माझं काम. हा अल्बम मी आयटीआयला असल्यापासून ऐकतोय. आधी मित्राने भरून दिलेली कॅसेट, मग सीडी, मग मोबाइल. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मात्र आत्ता घेतली आणि घेतल्यापासून ती टर्नटेबलवरून फारशी उतरलेलीच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वस्तूबद्दल. ही नव्याने छापलेली, १८० ग्रॅमची जाड प्रत आहे. किंमत तीन हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे स्वस्त नाही. पाठवणाऱ्याने खोक्यात आधाराचा पुठ्ठा घातला नव्हता, त्यामुळे कव्हरचा एक कोपरा चेपून आला. फोटो काढून तक्रार केली, तर “रेकॉर्ड वाजते ना?” असं उत्तर मिळालं. वाजते. पण एवढे पैसे मोजणारा माणूस कव्हरचेही पैसे मोजत असतो, हे विकणाऱ्याला कळायला हवं. तुम्ही मागवणार असाल तर दुहेरी पुठ्ठ्यात पाठवा असं आधीच लिहून कळवा. रेकॉर्ड स्वतः सपाट आहे, लाट नाही, आणि पहिल्या गाण्याआधीच्या पावसाच्या आवाजात कुठे चरचर मिसळत नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण हा अल्बम पावसाने सुरू होतो. पाऊस, गडगडाट आणि लांबून येणारी चर्चची घंटा. तिथे सुई खरखरली तर पुढची सगळी मजा गेली.

कव्हर मोठं बघायलाच हवं. मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं आणि त्यात कळत काहीच नाही. ऑक्सफर्डशायरमधली मॅपलडरहॅमची जुनी पाणचक्की, पुढे वाळका पालापाचोळा, आणि काळा झगा घातलेली एक बाई आपल्याकडे बघत उभी. फोटो कीथ मॅकमिलन यांचा, ते ‘कीफ’ नावाने काम करायचे. इन्फ्रारेड फिल्म वापरल्यामुळे झाडांना तो आजारी गुलाबी-तपकिरी रंग आलाय. ही बाई कोण, हे पन्नास वर्षं कोणाला नीट माहीत नव्हतं. लुईझा लिव्हिंगस्टन हे नाव लोकांसमोर आलं ते २०२० मध्ये. मूळ कव्हरच्या आतल्या पानांवर उलटा क्रूस छापला होता आणि तो बँडला न विचारता छापला होता. सैतानाचे भक्त हा शिक्का या चौघांवर बसला त्यात त्या क्रूसाचा वाटा मोठा. वास्तविक पहिलं गाणं नीट ऐका. त्यात सैतानाची भक्ती कुठेच नाही. समोर काळी आकृती उभी राहिलेली पाहून घाबरलेला, देवाचा धावा करणारा माणूस आहे. बँडमधले चौघे पुढे गळ्यात जे क्रूस घालायचे, ते ॲल्युमिनियमचे क्रूस गायक ऑझी ऑस्बोर्नच्या वडिलांनी कारखान्यात बनवून दिले होते. ऑझीचे वडील टूलमेकर होते, रात्रपाळी करायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता त्या रिफकडे येतो, म्हणजे ज्या ओळीवर अख्खं गाणं उभं आहे त्या गिटारच्या ओळीकडे. त्यात स्वर तीनच आहेत. माझे वडील पंचवटीत भजनी मंडळात पेटी वाजवायचे, ती पेटी अजून घरात आहे. तुमच्याकडे असेल तर वाजवून बघा. पांढरी पाच सा धरा. आधी खालचा सा, मग त्यावरचा सा, आणि मग दोघांच्या बरोबर मधोमध येणारी काळी एक, म्हणजे तीव्र मध्यम. तो दाबून धरायचा आणि पंचमाला घासून हलवायचा. झालं, रिफ संपला.

तीव्र मध्यम आपल्याला परका नाही. संध्याकाळी यमन लागला की तो येतोच. पण यमनात तो पंचमाकडे किंवा गंधाराकडे जायच्या वाटेवर असतो, तिथे कोणी मुक्काम करत नाही. गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीने नेमका तिथेच मुक्काम ठोकला. ओळ तीव्र मध्यमावर नेऊन सोडली आणि परत पहिल्या सा वर आला, मधे सोडवणूक नाही. युरोपच्या संगीतात या अंतराला ‘संगीतातला सैतान’ म्हणायची जुनी पद्धत आहे. बास वाजवणारा गीझर बटलर त्या दिवसांत संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या ‘मार्स’च्या नादात होता, ती ओळ बासवर वाजवत बसायचा. त्याच्यातूनच आयोमीला हा रिफ सुचला. होल्स्टकडे अख्खा ऑर्केस्ट्रा होता. इथे एक गिटार, एक बास आणि एक ड्रम सेट, बस.

आणि वेग? वेगच नाही. हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. मेटल म्हटलं की लोकांच्या डोक्यात पटापट हात चालवणारे गिटारवाले येतात. मेटलचं मूळ मात्र या संथ गाण्यात आहे. स्वर वाजतो, मग तो विरत जाईपर्यंत थांबतात, मग पुढचा. त्या थांबलेल्या जागेत बिल वॉर्ड ड्रमवर गडगडाट करतो आणि तोही गप्प होतो. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गणपतीत वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, सगळे ढोल एका क्षणी थांबतात, आणि पुढचा टोला पडायच्या आधी छातीत जी पोकळी होते, तिथे खरं वजन असतं. बिल वॉर्ड जीन क्रुपासारख्या जॅझवाल्यांना ऐकत शिकलेला. म्हणून तो नुसता ठेका धरून बसत नाही, गिटारला उत्तरं देतो. एलपीवर हे स्पष्ट कळतं. मोबाइलच्या स्पीकरवर ड्रमचा खालचा आवाज निम्मा गायब होतो आणि गाणं निम्मं राहतं.

गाण्याच्या शेवटाला वेग येतो, घोडा उधळल्यासारखा रिफ सुरू होतो. पुढच्या हेवी मेटल बँडांनी हा भाग उचलला. सुरुवातीचा संथ भाग उचलणाऱ्यांनी डूम मेटल काढलं. सव्वासहा मिनिटांच्या एका गाण्यात दोन वाटा तयार.

आता बोटांबद्दल लिहितो. टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं म्हणून नोकरी सोडली, आणि हा त्याचा कामाचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा परत जायची त्याला इच्छा नव्हती, आईने सांगितलं, काम पुरं करून ये. तो गेला. पत्रा वाकवायच्या मशीनवरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून याला मशीनवर बसवलं. हे मशीन त्याने आधी कधी चालवलेलं नव्हतं. मशीन हातावर आलं, त्याने हात मागे खेचला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. आयोमी डावखुरा. म्हणजे उजवा हात हाच त्याचा तारा दाबायचा हात.

प्रेसशी ज्यांचा संबंध आहे त्यांना यातलं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटेल. नेहमीचा ऑपरेटर आला नाही, म्हणून दुसऱ्याला बसवलं. प्रॉडक्शन थांबायला नको. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या शॉपमध्ये पाय-पॅडलच्या प्रेस होत्या, गार्ड काढून ठेवलेले असायचे कारण गार्ड लावला की पीस कमी निघतात. तिथे माझ्या शेजारच्या मशीनवरच्या पोराचं एक बोट गेलं. आता दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, समोर लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा असतो, हात आत गेला की रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, जागच्या जागी थांबतो. टूल ट्रायलला लावलं की मी आधी हे सगळं तपासतो आणि मगच पहिला पत्रा आत सरकवतो. तरीही कोणी “साहेब, जरा बायपास करू का?” असं विचारतंच. त्यांना मी आयोमीची गोष्ट सांगतो.

आयोमीने पुढे जे केलं ते टूलरूमच्या माणसाने उभं राहून दाद द्यावी असं आहे. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून दिली. राइनहार्टचा हात आगीत जळाला होता आणि तो दोन बोटांवर सोलो वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्या केल्या, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने बोट बसेल एवढं भोक पाडलं, घासून घासून आकारात आणलं आणि वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. बोटांच्या टोप्या तयार. या टोप्यांखाली तार जाणवत नाही, त्यामुळे किती जोर लावायचा ते कानांनी ठरवावं लागतं. जाड तारा ओढवत नव्हत्या आणि बारीक तारांचे सेट तेव्हा बाजारात मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावल्या. ज्या कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांना, चारही बोटं लागतात त्या कमी झाल्या, सा-पंचमाच्या दोन-तीन स्वरांच्या कॉर्ड वाढल्या. त्या टिकतात, घुमतात, आणि ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत वाढवला तरी चिखल होत नाही. हेवी मेटल गिटारचा सगळा पाया हाच आहे.

इथे एक चुकीची समजूत बऱ्याच जणांची असते, ती दूर करतो. सैल तारांसाठी गिटार खालच्या सुरात उतरवणं आयोमीने केलं, पण ते १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’वर. या पहिल्या अल्बमवर गिटार नेहमीच्याच सुरात लावलेली आहे. तरी आवाज एवढा वजनदार. म्हणून मी म्हणतो की वजन रिफमध्ये आणि थांबण्यात आहे.

रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९६९ मध्ये, लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत. निर्माता रॉजर बेन, इंजिनिअर टॉम ॲलम. चार ट्रॅकचं मशीन आणि हातात जवळजवळ एकच दिवस. चौघांनी रोज रात्री क्लबात जे वाजवत होते तेच समोरासमोर वाजवलं आणि युरोपातल्या कार्यक्रमांना निघून गेले. पाऊस आणि घंटा नंतर स्टुडिओत घातली. आयोमी पांढरी स्ट्रॅटोकास्टर घेऊन आला होता, सगळ्यात आधी ‘विकेड वर्ल्ड’ वाजवलं आणि तिचं पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, गेलं, म्हणून त्याने जादा आणलेली गिब्सन एसजी उचलली. पुढे एसजी आणि आयोमी ही जोडी कायमची झाली. वेळ नसल्याचा फायदा झाला असं माझं ठाम मत आहे. ऑझीचा आवाज इथे सजवलेला नाही, कुठे किंचित फाटतो, आणि पहिल्या गाण्यात तो खरोखर घाबरलेला वाटतो. दहा टेक घेतले असते तर ती भीती धुऊन निघाली असती.

बाकी गाणी. ‘द विझर्ड’मध्ये ऑझीचा माउथ ऑर्गन आणि वॉर्डचे ड्रम एकमेकांवर धावून जातात, गाणं टोल्किनच्या कादंबरीतल्या गँडाल्फ या जादूगारावरून सुचलेलं. मूड हलका आहे, पहिल्या गाण्यानंतर श्वास घ्यायला बरं. ‘बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप’ ठीक. ‘एन.आय.बी.’ मात्र अल्बममधलं दुसरं मोठं गाणं. सुरुवातीला बटलर एकटाच बासवर वाव-वाव करणारा पेडल लावून वाजवतो आणि त्यातून जो रिफ फुटतो, तो आजही गिटार शिकणारी पोरं पहिल्या महिन्यात काढतात. सैतान प्रेमात पडलाय आणि स्वतः बोलतोय, अशी कल्पना. माझा पुतण्या कॉलेज रोडच्या एका क्लासला गिटार शिकतो. त्याने हा रिफ वाजवून दाखवला तेव्हा हे गाणं १९७० चं आहे यावर त्याचा विश्वास बसेना.

दुसरी बाजू पहिल्याच्या तोडीची नाही. ‘ईव्हिल वूमन’ हे क्रो नावाच्या अमेरिकन बँडचं गाणं, मॅनेजरच्या आग्रहाखातर वाजवलेलं. ‘वॉर्निंग’ एन्सली डनबारच्या बँडचं, दहा मिनिटांच्या वर चालतं, आणि त्यात मधे आयोमीचा सोलो भरकटतो. ब्लूज क्लबात रात्री वेळ भरून काढायला हे वाजत असेल, ते शोभतही असेल. घरी बसून ऐकताना लांबतं. पण ऐकावं. कारण इथे कळतं की हे चौघे कालपर्यंत ब्लूज बँड होते. एका बाजूला ‘वॉर्निंग’ आणि दुसऱ्या बाजूला पहिलं गाणं, आणि दोन्ही एकाच दिवशी, त्याच खोलीत वाजवलेली. ब्लूज संपून मेटल सुरू होतं तो सांधा बोट ठेवून दाखवता येतो, असा दुसरा अल्बम मला माहीत नाही.

समीक्षकांनी तेव्हा हा अल्बम झोडपला. लोकांनी घेतला. ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेत तेविसाव्यापर्यंत गेला. पुढे काय झालं त्याचा पुरावा टॉम ॲलम यांच्याच कामात आहे. १९८० मध्ये जुडास प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’ त्यांनी केला, आणि जुडास प्रीस्टही बर्मिंगहॅमच्याच परिसरातला बँड. ५ जुलै २०२५ ला ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र आले, तेव्हा त्यांच्या आधी मेटॅलिका, स्लेयर, पँटेरा, अँथ्रॅक्स, गोजिरा, टूल असे सगळे बँड त्याच मंचावर वाजवून गेले. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. पुढच्या अडीच आठवड्यांत, २२ जुलैला तो गेला. त्या रात्री पाळी संपवून घरी आल्यावर मी पहिली बाजू लावली होती, आवाज नेहमीपेक्षा मोठा, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी काही म्हटलं नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ब्रिटिश आवृत्तीत ‘ईव्हिल वूमन’ असतं, अमेरिकन आवृत्तीत त्याच्या जागी ‘विकेड वर्ल्ड’. मागवायच्या आधी मागच्या कव्हरचा फोटो बघा. मला विचाराल तर ‘विकेड वर्ल्ड’वाली घ्या. ते बँडचं स्वतःचं गाणं आहे, स्ट्रॅटोकास्टर बंद पडायच्या आधीचं, आणि त्यात वॉर्डचा जॅझचा हात जास्त मोकळा ऐकू येतो. टर्नटेबल नसेल तर एलपीचा अट्टहास नको, चांगले हेडफोन लावून ऐका, पण गाण्यांचा क्रम मोडू नका आणि पाऊस पुढे ढकलू नका. बजेट एकाच एलपीचं असेल तर हीच घ्या. दुसरी परवडली तर ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’, म्हणजे तारा उतरवल्यावर काय होतं तेही कळेल.